होडीला अजून एक हात

जरीनानं डब्यातलं पीठ परातीत घेतलं, बोटांनी चोळून बघितलं आणि परात तशीच उचलून अंगणात नवऱ्यापुढं आदळली.

"खाऊन बघा," ती म्हणाली. "निम्मं ज्वारीचं हाय, निम्मं तुमच्या होडीचं."

अजीज मिस्त्रीनं मान वर केली नाही. तो ओट्यावर बसला होता. मांडीवर होडी पालथी घातलेली, हातात लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर, भुवयांवर पांढरी धूळ. त्यानं ठोकळा बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि तळवा होडीच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंत हळूहळू फिरवत नेला. मध्ये एका जागी तळवा थांबला आणि जरीनानं कपाळाला हात लावला. तळवा थांबला म्हणजे पुढं काय, हे तिला लग्नापासून पाठ होतं.

"हितं जरा खोल हाय," अजीज म्हणाला. "अजून एक हात लागल."

हा एक हात कधी शेवटचा नसतो. मिरजगावात हायवेच्या कडेला अजीजचं फायबरच्या कामाचं दुकान आहे. टेम्पोच्या केबिनी, ट्रॅक्टरची बॉनेटं, फुटलेले बंपर, असलं सगळं तो सांधतो. सांधलेलं कुठून सांधलं ते शोधून सापडत नाही, हे त्याचे दुश्मनही कबूल करतात. पण काम परत कधी मिळेल ते विचारायचं नाही. उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, म्हणून शहाणे ट्रॅक्टरवाले बॉनेट आखाडातच त्याच्याकडं आणून टाकतात. जे उशिरा आणतात ते बोडक्या ट्रॅक्टरनं ऊस ओढतात आणि येता-जाता दुकानापुढं थांबून शिव्या घालतात. "मिस्त्री, ट्रॅक्टर शेतात न्यायचाय, वरातीत न्हाई," असं एकदा एकजण म्हणाला. अजीजनं त्याला चहा पाजला आणि बॉनेट दिलं नाही.

त्याच्या तळव्याची ही खोड जन्माची. जरीनाला बघायला आला तेव्हा तिनं चहाचा ट्रे पुढं केला. पोरानं पोरीकडं बघायचं सोडून ट्रेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि तिच्या वडिलांना म्हणाला, "चाचा, कडेला धार हाय, पोरीचा हात कापल." सगळ्या बायका आतल्या खोलीत एकमेकींकडं बघून हसल्या. किती काळजीवाला आहे म्हणे. त्या एका वाक्यावर जरीनानं होकार दिला आणि पुढं आयुष्यभर त्याच वाक्याची फळं खाल्ली.

सासरे वारले तेव्हाची गोष्ट तर ती आजही सांगते, आणि सांगताना तिला हसावं की रडावं कळत नाही. मशिदीतल्या जनाज्याच्या खाटेला यानं खांदा दिला. मातीहून परत आल्यावर बापाबद्दल एक शब्द बोलला नाही. "दांडीला कुसळं हायत, खांदा देनाऱ्याला टोचतात," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती खाट घासायला घरी घेऊन आला. अंगणात जनाजा बघून गल्लीतली माणसं डोक्यावर रुमाल टाकून दारात यायची आणि हळूच विचारायची, "आता कोन गेलं?" जरीना उत्तरं देऊन थकली. खाट मात्र अशी झाली की लोक म्हणाले, आता मरायला हरकत नाही.

असल्या माणसाला होडीचं काम सांगायचं म्हणजे आगीत तेल ओतायचं. ते ओतलं गहिनीनाथनं. गहिनीनाथ हा अजीजचा शाळेपासूनचा दोस्त. गावाबाहेर वस्तीवर त्याची लिंबाची बाग आहे आणि बागेच्या जिवासाठी शेततळं. त्या भागातली सगळी शेततळी असतात तसंच ते आहे. खोल खड्डा, चारही बाजूंनी तीव्र उतार आणि सगळ्याला आतून काळं प्लास्टिक. ते प्लास्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही. आत पडलेलं कुत्रं पोहून पोहून दमतं, पण काठ चढून बाहेर येऊ शकत नाही. माणसाचंही तेच होतं, आणि हे तिथल्या पोराटोरालाही ठाऊक आहे.

पाणी आहे म्हणून गहिनीनाथनं त्यात मासे सोडले, आणि माशांना खायला घालायचं काम त्याच्या बायकोनं, राहीबाईनं अंगावर घेतलं. पेंड आणि कोंडा. बांधावरून फेकला की वारा तो परत तोंडावर आणतो, कारण त्या माळावर वाऱ्याला अडवायला काही नाही. मग राहीबाईनं तोड काढली. बांधावर रोवलेल्या लोखंडी खुंटाला दोर बांधलेला, तो एका हाताला गुंडाळायचा, दुसऱ्या हातात पातेलं, आणि अनवाणी पायानं उतारावरून पाण्यापर्यंत खाली जायचं. तिथं उकिडवं बसून कोंडा पाण्यात सोडायचा. रोज सकाळी. गेल्या उन्हाळ्यात एकदा ती कमरेएवढ्या पाण्यात गेली होती. "दोर हातात हुता की," असं म्हणून तिनं तो विषय मिटवला. गहिनीनाथ ओरडायचा, हात जोडायचा, आठवडा आठवडा अबोला धरायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यानं मोबाईलवर कुठंतरी रिमोटची होडी बघितली. होडीत कोंडा भरायचा, बांधावर उभं राहून ती मधोमध न्यायची आणि बटण दाबून कोंडा पाण्यात ओतायचा. त्यानं मोटार आणि रिमोट मागवला, एका प्लास्टिकच्या टबाला बसवला, आणि टब पहिल्याच फेरीत कोंड्यासकट उलटा झाला. म्हणून तो अजीजकडं आला.

"अज्या, फायबरची होडी करून दे," तो म्हणाला. "दिसायला घमेल्यासारखी असली तरी चालल. फकस्त फायबरचं कुसळ कुठं वर ऱ्हायला नको. प्लास्टिकला टोचलं तर सगळं पानी जमिनीत जाईल आन बाग वाळल."

हे शेवटचं वाक्य गहिनीनाथनं बोलायला नको होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. अजीजला उशीर करायला आजवर कारण लागत नव्हतं, आता गहिनीनाथनं ते आपल्या हातानं आणून दिलं.

अजीजनं घमेलं केलं नाही. त्यानं उभ्या आयुष्यात समुद्र बघितलेला नाही, पण मोबाईलवर कोकणातल्या होड्यांचे फोटो बघून थर्माकोलचा आकार कोरला, पुढून निमुळता, मागून रुंद, दोन-अडीच हात लांब. त्यावर फायबरचं कापड आणि रेझिन चढवलं. गहिनीनाथ बघायला आला आणि म्हणाला, "ही तर दुबईला जायाची दिसती." तेव्हा थंडी होती, आणि होडी त्याच आठवड्यात मिळेल असं त्याला वाटत होतं.

पण फायबर सुकलं की वरून खरबरीत राहतं. म्हणून त्यावर लांबी भरायची. रेझिनमध्ये पांढरी पावडर कालवून ती श्रीखंडाएवढी घट्ट करायची, हार्डनरचे थेंब टाकायचे आणि पत्र्याच्या पातळ पट्टीनं घाईघाईनं ओढायची, कारण थोड्या वेळात तिचा दगड होतो. दगड झाला की घासायचा. घासून झालं की वरून काळ्या रंगाचा हलका फवारा मारायचा आणि पुन्हा घासायचं. जिथं काळं निघून गेलं ती जागा सपाट, जिथं काळं उरलं तिथं खड्डा. खड्ड्यात परत लांबी. हे काम जगात सगळेच मिस्त्री करतात, आणि एक-दोनदा करून रंग मारतात. अजीजच्या होडीवर मात्र काळं कुठंतरी राहायचंच. नाही राहिलं, तर तो डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि काळ्याला न सापडलेलं तळव्याला सापडायचं.

दुकानात टेम्पोंची गर्दी, म्हणून होडी घरी. घरात धुळीचा थर. दोरीवरच्या कपड्यांवर धूळ, वाळत घातलेल्या कुरडयांवर धूळ, पाण्याच्या माठावर धूळ. त्याचे शर्ट धुताना फायबरची बारीक कुसळं जरीनाच्या मनगटात शिरायची आणि ती खोबरेल चोळत बसायची. लेक इन्शा नगरहून फोन करायची तेव्हा आधी विचारायची, "अम्मी, होडी झाली?" आणि जरीना फोन कट करायची.

तरी जरीनाला राग होता तो धुळीचा नव्हता. धूळ तिनं संसारभर खाल्ली होती. इन्शा जन्मली तेव्हा जरीनाची आई आजारी होती, आणि तान्हीला पहिलं पाणी घातलं ते राहीबाईनं, वस्तीवरून चालत येऊन. सव्वा महिना ती रोज येत होती. ती राहीबाई आता रोज सकाळी दोराला लोंबकळत उतरते आणि तिची होडी आपल्या ओट्यावर पालथी पडली आहे, हे जरीनाला घासाघासाला आठवायचं.

एक दिवस ती लोणच्याची लिंबं आणायला सकाळीच वस्तीवर गेली. राहीबाई तळ्यात उतरत होती. जरीनानं हे ऐकलं होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. साठीला टेकलेली बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, टाचा प्लास्टिकवर रोवत खाली चाललेली.

"राहीअक्का, वर या," जरीना म्हणाली. ओरडली तर बाई दचकेल म्हणून तिनं ते हळूच म्हटलं.

"आले आले. हे काय रोजचंच हाय."

तेवढ्यात तिची टाच सुटली. दोर ताणला, राहीबाई फतकल मारून घसरली आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन थांबली. पातेलं हातातून सुटून तळाला गेलं. मग ती दोराला धरून, एक एक पाऊल, वर आली. कोपर सोलवटलं होतं. ती हसली आणि म्हणाली, "पातेलं चांगलं हुतं गं, माहेरचं." जरीनाला हसता आलं नाही. लिंबं तिथंच विसरून ती घरी आली.

"होडी द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "आत्ता. आज."

"अगं, एका जागी अजून—"

"राहीअक्का घसरली. माझ्या डोळ्यांदेखत."

अजीजचा हात थांबला. त्यानं ठोकळा खाली ठेवला. मग म्हणाला, "आन प्लास्टिकला कुसळ टोचलं तर? त्यांची बाग जाईल, जरीना. मी दिल्याली वस्तू असंल ती."

"आन अक्का गेली तर? ती बी तुमी न दिल्याल्या वस्तूपायीच जाईल की."

शुक्रवारी नमाजहून आलो की रंग मारतो आणि संध्याकाळी नेऊन देतो, असं त्यानं कबूल केलं. जरीनानं विश्वास ठेवला, हा तिचा मूर्खपणा. ती स्वतःच तसं म्हणते.

शुक्रवारी ती शेजारणीकडून आली तेव्हा होडीवर रंग नव्हता. असलेला प्रायमरही एका बाजूनं खरवडून काढलेला, आणि अजीज डब्यात ताजी लांबी कालवत होता. हार्डनर नुकतंच पडलं होतं.

"रंग मारायच्या आधी सहज हात फिरवला," तो अपराध्यासारखा म्हणाला.

जरीना पुढं झाली. तिनं होडी उचलली, कडेला मारली आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. अजीज पट्टी आणि डबा घेऊन मागं धावला.

"अगं, कालवलीय लांबी, दगड होईल तिचा."

"होऊ द्या."

रिक्षा गेली. अजीज रस्त्यात उभा राहिला. एका हातात डबा होता आणि लांबी आळत चालल्यानं तो तापायला लागला होता. एकदा त्यानं डब्याकडं बघितलं, एकदा रिक्षाकडं. मग डबा गटाराच्या कडेला ठेवला आणि मोटरसायकल काढली.

तो तळ्यावर पोचला तोवर गहिनीनाथनं होडीत मोटार बसवली होती आणि फवारणी पंपाची जुनी बॅटरी जोडली होती. राहीबाई कोंड्याचं पातेलं घेऊन उभी होती, नवं पातेलं. अजीज बाजूला जाऊन उकिडवा बसला. बायकोकडं बघायची त्याची हिंमत नव्हती. राहीबाईनं निम्मा कोंडा होडीत ओतला आणि गहिनीनाथनं दोरीच्या फासात धरून होडी अलगद पाण्यात सोडली.

होडी तरंगली, आणि हळूच डाव्या अंगावर कलली.

"अज्या, ही तर कुशीवर झोपली की रं," गहिनीनाथ म्हणाला.

अजीज बघत राहिला. त्याच्या ध्यानात यायला एक क्षण पुरला. रोज त्याच ओट्यावर, त्याच अंगानं तो बसायचा. ऊन होडीच्या डाव्या बाजूवर पडायचं, म्हणून खड्डे डावीकडंच दिसायचे, आणि लांबीही डावीकडंच चढत गेली. टेम्पोच्या दाराला किलोभर लांबी जास्त बसली तर टेम्पोला काय फरक पडतो. आयुष्यभर त्यानं लांबीचा गुळगुळीतपणा बघितला, तिचं वजन कधी बघितलंच नव्हतं.

"आता काय झालं?" जरीनानं विचारलं.

"लांबी जड झाली. एका बाजूला," तो म्हणाला. जरीनाच्या तोंडाशी आलेलं सगळं तिनं गिळलं, कारण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

गहिनीनाथनं तरीही रिमोट दाबला. होडी सरळ जायचं सोडून डावीकडं गोल फिरायला लागली. एक फेरी, दुसरी फेरी, कोंडा एका कडेनं सांडतोय आणि मासे पाणी घुसळत मागून धावतायत. राहीबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मग कललेल्या बाजूनं पाणी आत शिरलं, मोटार बंद पडली आणि वाऱ्यानं होडी पलीकडच्या काठाकडं नेली. उतारापासून दोन हातांवर ती थांबली. आत पाणी भरत होतं.

राहीबाईचं हसू थांबलं. तिनं खुंटाचा दोर सोडला आणि दोर-पातेलं घेऊन ती पलीकडच्या बांधावर गेली, तिच्या मागं जरीना आणि गहिनीनाथ. तिकडं खुंट नव्हता. पातेलं खाली ठेवून दोराचं टोक तिनं जरीनापुढं धरलं.

"धर गं घट्ट. दोन हातांवर तर हाय, आनते वडून."

"अगं ए, थांब," गहिनीनाथ ओरडला. तिनं ऐकलं नाही. काष्टा खोचून तिनं एक पाय उतारावर टाकलासुद्धा. जरीनानं दोर धरला नाही. तिनं राहीबाईचं मनगटच धरलं, पण राहीबाई तिच्यापेक्षा ताकदीची होती.

"वहिनी," अजीज म्हणाला. तो धावत आला होता. "ऱ्हाऊ द्या ती."

"बुडंल की, अजीजभाऊ. किती म्हैने घासलीय तुमी."

"बुडू द्या."

जरीना नवऱ्याकडं बघतच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं अर्धवट वस्तू टाकून दिलेली तिनं पाहिली नव्हती. अजीज बांधावर मटकन बसला, तळ्याकडं पाठ करून. होडीत पाणी शिरल्याचा गुळगुळ आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, त्यालाही येत होता. त्यानं वळून बघितलं नाही.

"मी होडी सोडली, वहिनी," तो म्हणाला. "तुमी दोर सोडा."

राहीबाई उतारावर एक पाय टाकून तशीच उभी राहिली. होडीचं निमुळतं टोक एकदा वर आलं आणि खाली गेलं. मग तिनं पाय मागं घेतला, दोर हातातून टाकून दिला आणि जरीनाशेजारी खाली बसली.

"मला बी भ्याव वाटतं गं," ती हळूच जरीनाला म्हणाली. "रोज वाटतं. पर बोलले असते तर ह्यांनी लगीच म्हनलं असतं, बघ, मी सांगत हुतो."

गहिनीनाथनं तोंड उघडलं. जरीनानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते मिटलं.

"दुसरी करतो," अजीज म्हणाला. "हलकी. तराजूत तोलून लांबी भरतो दोन्ही बाजूंना."

जरीनाच्या डोळ्यांपुढं पुन्हा तो ओटा आला, ती धूळ, ती कुसळं. शेजारी राहीबाईचा हात तिच्या हातात होता, अजून गार.

"करा," ती म्हणाली.

गहिनीनाथनं कोंड्याचं पातेलं उचललं, बांधाच्या कडेला गेला आणि मूठ भरून पाण्याकडं फेकली. वाऱ्यानं ती सगळी त्याच्या तोंडावर परत आणली. त्यानं डोळे पुसले आणि दुसरी मूठ भरली. राहीबाई बघत होती, पण उठली नाही.